उत्तर चुकतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

५२ मधून २७ वजा करा. तिसरीच्या वर्गात हे उदाहरण घातलं की काही वह्यांत २५ येतं, काहींत ३५, आणि एखाद्या वहीत ७९. पेपर तपासताना ३५ ला शून्य आणि ७९ लाही शून्यच. पण ही दोन मुलं अडली आहेत वेगवेगळ्या जागी. ७९ लिहिणाऱ्याने चिन्ह न बघता बेरीज केली. वजाबाकी त्याला येतही असेल. ३५ लिहिणारीने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवले. दशक सुटा करणं तिला कळलेलंच नाही. तिला आणखी दहा उदाहरणं घातली तर ती दहाही तशीच चुकतील. तिच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यायला हवेत, आणि एक गठ्ठा तिच्याकडूनच सोडवून घ्यायला हवा. २५ लिहिणाऱ्यांतही कुणीतरी २७ पासून पुढे बोटांवर मोजत गेलेला असतो. त्याचं उत्तर बरोबर आहे, पण मोठ्या संख्या आल्या की तो अडणार. हे कळायला मुलाजवळ बसून "कसं केलंस, सांग बरं" असं विचारावं लागतं. माझ्या मते प्राथमिक शाळेतलं खरं मूल्यमापन ते हेच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवून त्याच्या समजेचं सातत्यपूर्ण, सर्वंकष मूल्यमापन करावं असं म्हटलं आहे. त्यावरून आपल्या राज्याने २०१० मध्ये पद्धत ठरवली. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय यांना. सत्राअखेरच्या संकलित चाचणीला फक्त ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. लहान वयात रोजच्या कामाचं वजन जास्त, हा विचार मला आजही मनापासून पटतो.

अडचण येते ती वर्णनात्मक नोंदींशी. "प्रगती समाधानकारक", "अभ्यासात सातत्य हवे" ही वाक्यं तयार मिळतात आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांत तीच उतरतात. शिक्षकांवर ऑनलाइन माहितीचा आणि निवडणुकीच्या कामांचा बोजा आहे, हे मी जाणते. तरीही "दशक सुटा करताना अडते, काड्यांनी जमते" एवढी एक ओळ त्या मुलीला पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल. पाचवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आहे, पुनर्परीक्षाही आहे. तिसरीत अशी नोंद झाली नाही, तर तेव्हा फार उशीर झालेला असेल.

आपल्या नवी मुंबईत तर याची गरज जास्तच आहे. तुर्भे, दिघा, रबाळे भागांत मराठी शाळेत येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी हिंदी, कन्नड किंवा बंजारा समाजाची गोरमाटी बोलतात. कागदावरचं शाब्दिक उदाहरण यातलं मूल सोडून देतं; तेच वाचून दाखवलं की पटकन सोडवतं. मग त्याचं गणित कच्चं आहे की वाचन? गुणांचा आकडा हे सांगत नाही. भाजीच्या गाडीवर आईला मदत करणारं मूल सुट्ट्या पैशांचा हिशेब बिनचूक करतं आणि वहीत हातचा विसरतं. वर्गात त्याच्यासमोर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी ठेवली, तर वहीतलं गणितही त्याच्या ओळखीचं होतं.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. पालकसभेला आलात की "किती पडले?" हे जरूर विचारा, पण तिथेच थांबू नका. जूनमध्ये येत नव्हतं असं काय आता येतं, आणि नेमकं कुठे अडतंय, हेही विचारा. वही मागून घ्या, चुकलेली उदाहरणं बघा. आणि घरचंही आम्हा शिक्षकांना सांगा. ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या पाट्या मूल स्वतः वाचतं का? दुकानातून उरलेले पैसे मोजून आणतं का? गोष्ट ऐकली की दुसऱ्याला सांगतं का? आम्हाला वर्गात हे दिसत नाही. तुम्ही सांगितलंत तर नोंदवहीत त्या मुलाच्या नावापुढे ते लिहिता येईल आणि दुसऱ्या दिवशीचा धडा तिथूनच सुरू करता येईल.

नमस्कार.