त्रेपन्न सीटा आणि उलटा रुमाल

(मंडळाच्या फँटसी लीगच्या ड्राफ्टआधी, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपापले कागदी संघ निवडण्याआधी, झालेलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं साफसूफ केलेलं)

मागे आवाज येतोय ना? येत नसेल तर पुढे या, पुढच्या दोन रांगा नेहमीप्रमाणे मोकळ्याच आहेत, जणू काही मी उभं करून प्रश्न विचारणार आहे. चाळीस मिनिटं दिलीयेत म्हणाले, त्यातली बारा दीपप्रज्वलन आणि सत्कारात गेली, पण सत्कार माझाच होता त्यामुळे तक्रार करता येत नाही. ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत शाल. असो, चांगली आहे शाल.

विषय मीच मागून घेतलाय. एनएफएलमधली, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमधली आयआर, इन्जर्ड रिझर्व्हची म्हणजे जखमी खेळाडूंची यादी, ती कशी चालते. कारण मागे आपल्याच लीगमधले एक सद्गृहस्थ, नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसून हसतायत, मला फोनवर म्हणाले की अहो तुमचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, आयआरवर गेला म्हणजे संपला तो, सोडून द्या, कशाला अडवून बसताय. मी भाबडा, सोडला. दोन तासात ह्यांनीच उचलला. पाच आठवड्यांनी तो ठणठणीत होऊन परत आला आणि कुणाच्या विरुद्ध खेळला? माझ्या. दोन टचडाउन. त्या दिवशी मी ठरवलं की हे नियम वाचायचे. वाचल्यावर कळलं की हे गृहस्थ खोटं बोलत नव्हते, फक्त त्यांचा नियम २०११ चा होता. त्या सालापर्यंत आयआर म्हणजे खरंच सीझन खलास, परतीचं तिकीटच नाही. ते कसं बदललं ते सांगतो, पण आधी माझा मुख्य मुद्दा.

सगळ्यांना वाटतं आयआर ही डॉक्टरची यादी आहे. कुणाचा गुडघा गेला, कुणाचा खांदा. नाही हो. ही सीटांची यादी आहे. बसमध्ये त्रेपन्न सीटा, त्यावर कोण बसणार, कुणाला उठवायचं, एवढाच हिशोब. डॉक्टर फक्त सही करतो.

आता त्रेपन्न कुठून आले तर सीझनआधीच्या कॅम्पमध्ये टीमकडे नव्वद पोरं असतात, ऑगस्टच्या शेवटी एका दिवसात त्यांची त्रेपन्न करायची असतात. शिवाय सोळा जणांचा प्रॅक्टिस स्क्वाड, सरावापुरते ठेवलेले, ते वेगळे, ते समजा स्टँडिंग. सामन्याच्या दिवशी त्रेपन्नातलेही सगळे खेळत नाहीत, जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस कपडे घालतात. म्हणजे, खेळायचे कपडे घालतात, बाकीचे पण कपड्यातच असतात.

बरं, एसटीचा रुमाल इथल्या किती जणांनी टाकलाय? हात वर. बघा, पन्नाशीच्या वरचे सगळे. पोरांनो, तुमच्यासाठी सांगतो, गाडी स्टँडात शिरली की ती थांबायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकायचा, रुमाल ज्या सीटवर पडला ती सीट आपली, मग गर्दीतून आरामात चढायचं. माझे वडील तर एकदा चष्म्याचं घर टाकून बसले, ते पलीकडच्या खिडकीतून बाहेर गेलं, ती गोष्ट नंतर चहाला. तर आयआर म्हणजे हाच रुमाल, पण उलटा. तुम्ही दुखापत झाली म्हणून मधल्या स्टँडवर खाली उतरता, तुमची सीट दुसऱ्याला मिळते, पण कंडक्टरच्या वहीत तुमचं नाव राहतं, पगार चालू राहतो, आणि चार स्टँड गेल्यावर तुम्हाला परत चढायची मुभा असते. आणि तुम्ही चढलात की, हे लक्षात ठेवा, कुणालातरी उठावं लागतं. टीव्हीवर चढणाऱ्याचा क्लोजअप दाखवतात, उठणाऱ्याला कुणी दाखवत नाही.

म्हणून मला आता त्या रात्रीची गोष्ट सांगायला लागणार. जेट्सवाले, न्यू यॉर्क जेट्स टीमचे माझ्यासारखे भक्त, किती आहेत इथे? अरेरे. बसा बसा.

११ सप्टेंबर २०२३, सोमवार रात्र, मेटलाइफ स्टेडियम. ॲरन रॉजर्स, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा टीमचा म्होरक्या, ग्रीन बे टीमची अठरा वर्षं संपवून आमच्याकडे आलेला, एकोणचाळीस वर्षांचा. जेट्सनी शेवटचा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला जानेवारी १९६९ ला, माणूस चंद्रावर उतरायच्या सहा महिने आधी. म्हणजे आमच्याकडे चंद्र जुना नाही, ट्रॉफी जुनी आहे. तर मी आणि मुलगा, तिकिटांचा आकडा बायकोला आजतागायत सांगितलेला नाही, ती आज आलेली नाही म्हणून इथे उल्लेख तरी करतोय. पार्किंगपासून चालत चालत आत आलो, रॉजर्स अमेरिकन झेंडा घेऊन पळत बाहेर आला, तारीखच तशी होती, सगळं स्टेडियम उभं, माझ्या अंगावर काटा. मग मुलगा म्हणाला बाबा भूक. मी म्हटलं आता कुठे सुरुवात झालीये, पटकन जाऊन येऊ.

मंडळी, मी हॉटडॉगच्या लायनीत होतो.

त्याची चौथी प्ले, म्हणजे बॉल हातात येण्याची चौथी खेप. फक्त चौथी. समोरच्या टीमच्या, बफेलो बिल्सच्या लेनर्ड फ्लॉइडने त्याला खाली आणला, तो उठला, उभा राहिला आणि परत खाली बसला. डाव्या पायाची अकिलिस, टाचेच्या वरची जाड शीर असते ना ती, तुटली. मला हे लायनीत कळलं कारण ऐंशी हजार माणसं एकदम गप्प झाली. गोंगाटाने कळतं काहीतरी झालं, हे आपल्याला माहितीये, पण शांततेने कळणं फार वाईट. माझ्या पुढचा माणूस, रॉजर्सची जर्सी घातलेला, आठ नंबर, तो वळला आणि मला म्हणाला, तू घे पुढे, मला आता भूक नाही. गंमत म्हणजे तो सामना आम्ही जिंकलो, ओव्हरटाइममध्ये झेवियर गिप्सनने पंट, म्हणजे लाथेने उडवलेला बॉल, पकडून पासष्ट यार्ड पळवला, २२-१६. घरी जाताना गाड्यांमध्ये लोक हॉर्न पण वाजवत होते आणि डोकं पण धरून बसले होते. टर्फवर, म्हणजे मैदानातल्या नकली गवतावर चर्चा झाली, गवत का नाही लावत, वगैरे, ती सोडा, ती चर्चा दरवर्षी होते.

रॉजर्स आयआरवर गेला. इथपर्यंत सगळ्यांना माहितीये. माझी गोष्ट इथून पुढे सुरू होते. ह्या गड्याने ठरवलं की मी ह्याच सीझनला परत येणार. चाळिशीला आलेला माणूस, अकिलिसचं ऑपरेशन, आणि अकरा आठवड्यांत प्रॅक्टिसला उभा. आता नियम असा की आयआरवरच्या माणसाला टीम एकदा जाहीर करते की हा परत येणार, मग त्या दिवसापासून एकवीस दिवसांची खिडकी उघडते. ह्या एकवीस दिवसांत तो सगळ्यांबरोबर प्रॅक्टिस करू शकतो आणि त्रेपन्नात धरला जात नाही. फुकट. पण एकविसाव्या दिवशी फैसला, एक तर त्याला त्रेपन्नात घ्या, नाहीतर तो सीझनभर आयआरवरच आणि प्रॅक्टिसही बंद.

जेट्सनी खिडकी उघडली २९ नोव्हेंबरला. बोटांवर मोजा, २० डिसेंबरला बंद. आणि मधे १७ डिसेंबरला मायामीने आम्हाला ३०-० धुतलं, प्लेऑफचं, म्हणजे बाद फेरीचं दार लागलं. म्हणजे रॉजर्स आता खेळणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग एकविसाव्या दिवशी काय करायचं? साधं उत्तर, राहू दे आयआरवर. पण तसं केलं तर प्रॅक्टिस बंद. आणि त्याची प्रॅक्टिस चालू राहावी म्हणून जेट्सनी त्याला त्रेपन्नात घेतलं. न खेळणाऱ्या माणसाला सीट.

आणि उठवलं कुणाला? निक बॉडन. फुलबॅक. नाव ऐकलंय? कुणी नाही. फुलबॅक म्हणजे जो पुढे जाऊन टक्कर घेतो आणि मागचा बॉल घेऊन पळतो, आपल्याकडे लग्नात वाढपी असतात ना, तसं. ख्रिसमसला पाच दिवस आणि त्याला सोडलं. आता ह्या बॉडनचं सांगतो. २०१८ मध्ये डेट्रॉइट लायन्सनी त्याला नव्या पोरांच्या ड्राफ्टमध्ये सातव्या राउंडला घेतला होता, आणि पहिल्याच उन्हाळ्यात गुडघ्याचं लिगामेंट तुटून तो स्वतः आयआरवर गेला, पहिला सीझन एकही सामना न खेळता संपला. म्हणजे ज्या वहीत नाव लिहून एकदा खाली उतरला होता, त्याच वहीने त्याला पुन्हा उतरवलं, आणि ह्या वेळेला धडधाकट असताना.

रॉजर्सने नंतर सांगितलं की कुणाची जागा घालवून मला प्रॅक्टिस नको असं माझं म्हणणं होतं. सांगितलं ते बरं केलं. पण पैशाचा हिशोब बघा, त्या वर्षी अगदी नवख्याचा किमान पगार साडेसात लाख डॉलर, अठरा आठवड्यांनी भागा, आठवड्याला साधारण बेचाळीस हजार. आणि प्रॅक्टिस स्क्वाडवर नवख्याला बारा हजार. म्हणजे सीटवरून स्टँडिंगला आलात की तीन आठवड्यांत एखादी गाडी जाते, आणि चांगली गाडी. मी पुढचे दोन महिने ऑफिसात प्रत्येकाला बॉडन बॉडन करत होतो, शेवटी एकाने विचारलं हा तुझा नातेवाईक आहे का.

(चिठ्ठी आली.) काय? दहा मिनिटं? दहा का पाच? पाच. अहो पण नियम तर आत्ता सुरू होतायत. बरं. पटापट सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

आधी परतीचं तिकीट का नव्हतं? कारण मालक लोक माणसं लपवायचे. ही जुनी खोड आहे, क्लीव्हलंड ब्राउन्सचा पहिला मालक मिकी मॅकब्राइड, त्याचा टॅक्सीचा धंदा होता, टीममध्ये न मावणारी पोरं तो टॅक्सी कंपनीच्या पगारावर ठेवायचा, म्हणून तर टॅक्सी स्क्वाड हा शब्द आला. तसंच आयआर मोकळी ठेवली तर प्रत्येक टीम दहा तरण्या पोरांची पाठ दुखतेय म्हणून त्यांना कपाटात ठेवेल, ही भीती. म्हणून सीझन खलास. मग २०१२ मध्ये एका माणसाला परत यायची मुभा, आणि तोही कोण ते आधीच सांगायचं. २०१६ पासून आधी सांगायची अट गेली, २०१७ ला दोन झाले, २०२० ला कोविड आला आणि सगळं सैल केलं, हवे तेवढे परत आणा, तीन आठवडे बसवा फक्त. मालकांना चटक लागली. २०२२ पासून आठ परती आणि किमान चार सामने बाहेर. प्लेऑफला पोचलात तर २०२४ पासून वरती दोन.

ऑगस्टची चलाखी. परत आणायचा माणूस आधी त्रेपन्नात असावा लागतो, दुसऱ्या दिवशी आयआरवर. मग त्या एका रात्रीसाठी जागा कुठून आणायची, तर एखाद्या जुन्या खेळाडूला हळूच सांगायचं, बाबा आज तुला सोडतो, उद्या घेतो. चार सीझन झालेल्याला त्या दिवसांत वेव्हर, म्हणजे सोडलेला माणूस आधी बाकी टीमांपुढे उचलायला ठेवणं, लागत नाही, त्यामुळे दुसरी टीम त्याला मधेच उचलू शकत नाही, तो स्वतःच्या मर्जीने थांबतो. एका रात्रीचा बेकार. २०२४ पासून हे थोडं कमी झालं, दोन माणसं कटच्या दिवशीच थेट आयआरवर टाकून परत आणता येतात, पण ती आठमधून लगेच वजा.

पप लिस्ट. कुत्र्याचं पिल्लू नाही, फिजिकली अनेबल टू परफॉर्म. हा शेरा मला पीटीच्या सरांनी चौथीतच दिला होता. कॅम्पला येतानाच ज्याची दुखापत बरी नाही त्याच्यासाठी, आणि एकदा जरी प्रॅक्टिस केली तर ही यादी बंद, म्हणून टीमा जुलैत एवढ्या जपून असतात. सीझन सुरू होताना पपवर असेल तर पहिले चार सामने गेले. तिची सख्खी बहीण एनएफआय, म्हणजे फुटबॉलबाहेरची दुखापत, जिम, मोटरसायकल, काहीही, आणि ह्यात टीमवर पगार द्यायचं बंधनच नाही, हा मोठा फरक. जायंट्सच्या जेसन पिअर-पॉलचं २०१५ च्या चार जुलैला फटाक्याने तर्जनीचं बोट गेलं, तेव्हा सगळे ह्याच यादीचं बोलत होते, पण त्याने त्या वर्षीच्या करारावर सहीच केली नव्हती, त्यामुळे यादीत टाकणार कुणाला.

वेव्ह्ड इन्जर्ड राहिलं. तरुण खेळाडू जखमी झाला की आधी वेव्हरवर, बाकी एकतीस टीमांनी विचारलं नाही की आपल्याच आयआरवर परत, मग बरेचदा अमुक आठवड्यांचे पैसे घे आणि मोकळा हो असा समझोता. आणि बऱ्याच नवख्यांच्या करारातच लिहिलेलं असतं की आयआरवर गेलास तर पगार कमी, त्याला स्प्लिट म्हणतात.

शेवटचं, क्वेश्चनेबल-डाउटफुल-आउट, म्हणजे शंका आहे, बहुतेक नाही, नक्की नाही, ही आयआर नाही, तो नुसता आठवड्याचा रिपोर्ट, त्यात माणूस त्रेपन्नातच असतो. पूर्वी प्रॉबेबल, म्हणजे बहुतेक खेळणार, हे पण होतं, न्यू इंग्लंडचा कोच बेलिचिक, त्याने आपल्या क्वार्टरबॅकचा, ब्रेडीचा खांदा वर्षानुवर्षं त्यात घातला आणि ब्रेडी दर रविवारी खेळला, २०१६ ला लीगने तो शब्दच काढून टाकला.

हो, विचारा. एकच प्रश्न घेतो, ते वडे तळायला लागलेत. एकाच माणसाला दोनदा आयआरवरून परत आणता येतं का? येतं. दर वेळी आठमधली एक परत खर्च होते. २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोचा रनिंग बॅक मॅकॅफ्री दोनदा गेला, पहिल्यांदा दोन्ही अकिलिस दुखत होत्या, नोव्हेंबरात परत आला, मग बफेलोत गुडघा गेला आणि तो उरलेला सीझन बाहेर. आपल्या लीगमध्ये त्याला पहिल्या नंबरला घेणारे काका खिडकीपाशी बसलेत, बाकीचं त्यांना विचारा, आणि जरा जपून विचारा.