वाहक की रुग्ण? : आजारांच्या कोडची तपासणी

[दृश्य : सुरगाण्याचा रस्ता, पाडा, आरोग्य केंद्राची ओसरी]

सुरगाणा, पेठ, कळवण. नाशिकच्या या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्त तपासलं, की निकाल तीनपैकी एक येतो : दोष नाही, वाहक, किंवा रुग्ण. वाहकाला आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेलं असतं. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघांकडून मिळालं, तर अंग ठणकणं, रक्त कमी होणं, दवाखान्याच्या फेऱ्या.

मग हा निकाल कोडच्या रूपात संगणकात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात सिकलसेलचा गट आहे डी ५७. तीव्र वेदनांचा झटका आलेला रुग्ण डी ५७.०, झटका नसलेला डी ५७.१. वाहक डी ५७.३. म्हणजे तोही त्याच गटात! तालुक्यात रुग्ण किती, असं विचारल्यावर कुणी अख्खा डी ५७ मोजला, तर धडधाकट माणसंही यादीत येतात. रुग्णांना लागणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या किती मागवायच्या, हे त्या आकड्यावरून ठरवता येणार नाही. पण लग्नाआधीच्या समुपदेशनासाठी हेच वाहक मोजावे लागतात, कारण दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक.

[दृश्य : पडद्यावर आजारांची उतरंड]

आयसीडीहून कितीतरी मोठा, वैद्यकीय संज्ञांचा संच म्हणजे स्नोमेड सीटी. साडेतीन लाखांच्या वर संकल्पना. २०१४ पासून भारत तो सांभाळणाऱ्या संस्थेचा सदस्य आहे, आणि देशातलं कामकाज पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतून चालतं. इथे एका आजाराला अनेक पालक, म्हणजे वरचे गट, असू शकतात : जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया संसर्गातही बसतो, फुप्फुसाच्या विकारांतही. सोय मोठी, पण घोळही इथेच होतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दाखवलं, की या उतरंडीत पाऊल चक्क कटिभागात जाऊन बसलं होतं. नावं सगळी बरोबर होती. गडबड नात्यांमध्ये होती, आणि लाखो ओळी वाचत कोण बसणार?

म्हणून आधी संगणकाला कामाला लावतात. दोन नोंदींची व्याख्या तंतोतंत सारखी निघाली, तर एक बहुधा दुबार. सारख्या घडणीच्या नावांपैकी एकच वेगळ्या पालकाखाली असेल, तर शंका घ्यायची. निकाल मात्र त्या विषयातल्या डॉक्टरनंच द्यायचा. चुकीची नोंद पुसत नाहीत. ती निष्क्रिय करतात आणि शक्य तिथे बदली नोंद दाखवतात. जुन्या केसपेपरांवर तोच क्रमांक असतो ना!

[दृश्य : दिंडोरी, द्राक्षबागेतली फवारणी]

सगळा दोष यादीचा नसतो. फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर रात्री दाखल होतो. औषध ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातलं असेल, तर कोड टी ६०.०. बाटली कुणी आणलेलीच नाही, तर टी ६०.९, म्हणजे अनिर्दिष्ट. ते प्रामाणिक आहे. पण केसपेपरवर औषधाचं नाव असूनही सवयीनं '.९' टाकला जातो, तेव्हा पुढे कोणत्या औषधानं किती जणांना बाधलं, हे सांगता येत नाही.

[दृश्य : म्हसरूळ, आरोग्य विज्ञान विद्यापीठ]

राज्याचं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून नाशिक शहरातच आहे. विद्यार्थ्यांना हे काम इथेच देता येईल : तेच केसपेपर दोघांनी एकमेकांना न विचारता कोड करायचे आणि कुठे फाटे फुटतात ते पाहायचं. वाचणारा चुकला, तर प्रशिक्षण. स्नोमेडची नोंदच तोकडी निघाली, तर बदलाची मागणी पुण्यामार्फत पुढे पाठवायची.