ॲलर्जीची लस: तीन वर्षं टिकायचं कसं

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरू लागला की गवताला तुरे येतात, रस्त्याकडेचं गाजरगवत पांढरं होतं आणि बऱ्याच घरांत सकाळ शिंकांनी सुरू होते. नाक गळतं, डोळे चोळून चोळून लाल होतात, काहींना दम लागतो. अशांपैकी ज्यांची परागकणांची ॲलर्जी त्वचेच्या चाचणीत किंवा रक्ततपासणीत दिसली आणि लक्षणांशीही जुळली, त्यांना डॉक्टर कधीकधी इम्युनोथेरपी सुचवतात, म्हणजे ॲलर्जीची लस. गाजरगवतानं कातडीला जो इसब होतो, त्यावरचा मात्र हा उपाय नव्हे. ही लस नाक, डोळे आणि आटोक्यात असलेल्या दम्यासाठी आहे.

ज्याचं वावडं त्याचाच अर्क आधी अगदी कमी मात्रेत द्यायचा आणि हळूहळू वाढवत न्यायचा, अशी ही पद्धत. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागांवर ती मांडली. इंजेक्शन दंडाच्या मागच्या बाजूला, कातडीखाली देतात. पहिले तीन ते सहा महिने आठवड्याला एक किंवा दोन, मग साधारण महिन्याला एक, असं एकूण तीन ते पाच वर्षं. दुसरा मार्ग जिभेखालच्या थेंबांचा किंवा गोळीचा. पहिला डोस डॉक्टरांसमोर, पुढचे घरी.

औषध चांगलं आहे, पण ते पूर्ण घेणारे थोडे. नेदरलँड्समध्ये साडेसहा हजारांच्या आसपास रुग्णांच्या औषधनोंदी तपासल्या, तेव्हा तीन वर्षं गाठणारे जेमतेम १८ टक्के निघाले. इंजेक्शनवाले २३ टक्के, थेंब-गोळीवाले अवघे ७. घरच्या घरी घ्यायचं औषध जास्त सुटतं, हे लक्षात घ्या. दवाखान्याची तारीख निदान आठवण तरी करून देते.

मग दोन वर्षं घेतलं तर निम्मा फायदा होईल ना? लंडनमध्येच गवताच्या ॲलर्जीवर दोन वर्षं उपचार देऊन थांबवले आणि वर्षभरानं तपासलं, तर उपचार घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक उरला नव्हता. त्याआधीच्या एका अभ्यासात तीन-चार वर्षं इंजेक्शनं घेतलेल्यांचा आराम ती बंद केल्यावरही निदान तीन वर्षं टिकला होता. म्हणून तीन वर्षांचा आग्रह.

लोक सोडतात ते मुख्यतः दोन वळणांवर. पहिलं वळण तिसऱ्या-चौथ्या महिन्याचं. फेऱ्या चालू असतात, शिंकाही चालूच. ‘काही गुण येईना’ म्हणत माणूस थांबतो, पण तोवर पूर्ण मात्रा गाठलेलीच नसते. या काळात रोजची ॲलर्जीची गोळी, नाकाचा स्प्रे, दम्याचा पंप चालूच ठेवायचे असतात. लस सुरू झाली म्हणून ते बंद केले की त्रास वाढतो आणि दोष लसीवर येतो. दुसरं वळण अधिक फसवं. एक हंगाम बरा जातो आणि वाटतं, झालो बरे! आमच्या मते खरी गळती इथं होते. पूर्ण मात्रा वर्षभर घेऊनही काहीच फरक नसेल, तर मात्र रेटत राहू नका. निदान चुकलं का, अर्क बरोबर निवडला का, हे डॉक्टरांना विचारा आणि गरज पडली तर थांबवा.

तिसरं कारण भीतीचं. टोचलेल्या जागी सूज, खाज येणं नेहमीचं आहे, त्यावर थंड पट्टी पुरते. सूज तळहाताएवढी झाली किंवा दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, तर पुढच्या डोसाआधी सांगा. तळहाताला खाज, अंगावर गांधी, घसा आवळल्यासारखा, खोकला, धाप, चक्कर यांपैकी काही जाणवलं, तर तत्क्षणी सांगायचं. त्यावर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन देतात. गंभीर त्रास बहुधा पहिल्या अर्ध्या तासात होतो, म्हणून इंजेक्शननंतर ३० मिनिटं तिथंच बसायचं. ‘गाडी चुकेल’ म्हणून निघून जाऊ नका. जिथं ॲड्रेनलिन तयार नाही, तिथं हे इंजेक्शन घेऊच नये. त्या दिवशी ताप असेल, छातीत घरघर असेल, तर डोस पुढे ढकलतात. रक्तदाबाची किंवा हृदयाची नवी गोळी, खासकरून बीटा ब्लॉकर, सुरू झाली असेल तर आधी सांगा. तिच्यामुळे ॲड्रेनलिनचा परिणाम कमी पडू शकतो.

तारीख चुकली तर? चार दिवसांचा उशीर बहुतेक वेळा चालतो. जास्त दिवस गेले की आधीचाच डोस परत देतात किंवा एक-दोन पायऱ्या खाली उतरतात. महिनाभर खंड पडला, तर आणखी मागे जावं लागतं. म्हणून खंड लपवू नका. ‘मागच्या आठवड्यातच घेतलं होतं’ असं खोटं सांगून मोठा डोस टोचून घेणं जिवावर बेतू शकतं. नवी बाटली उघडली की ताजा अर्क जास्त तीव्र असतो, म्हणूनही डोस कमी करतात. ती पीछेहाट नव्हे.

थेंबांचं गणित वेगळं. दात घासले की थेंब, थेंबांनंतर चहा, असा क्रम लावून घ्या. एक-दोन मिनिटं जिभेखाली धरा, मग गिळा, पुढची पाच मिनिटं काही खाऊ-पिऊ नका. पहिले काही दिवस तोंडाला खाज येते, ती बहुधा ओसरते. तोंडात जखम असेल किंवा दात काढला असेल, तर डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबा. बाटलीवर थंड ठेवा असं लिहिलं असेल, तर ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दार सारखं उघडतं, म्हणून दारात नको आणि बर्फाच्या खणात तर मुळीच नको. गोठलेली बाटली वापरू नका. थेंब आठवडाभराहून जास्त सुटले, तर स्वतःहून सुरू न करता विचारून घ्या.

सुरू करण्याआधी हिशेब मांडा. आठवड्याला एक याप्रमाणे चार महिने, मग महिन्याला एक, म्हणजे तीन वर्षांत पन्नासच्या घरात फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीचं बसभाडं, बुडालेला अर्धा दिवस आणि बाटलीची किंमत, सगळं धरा. हे जमणार नसेल, तर आधी गोळी-स्प्रेवर भागवा. अर्धवट कोर्सपेक्षा ते बरं. लग्न, परीक्षा, नोकरीची बदली दिसत असेल, तर तेही आधीच बोला. गरोदरपणात नव्यानं सुरू करत नाहीत. आधीपासून पूर्ण मात्रा सोसत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू ठेवता येते.

बदली झालीच, तर निघण्याआधी डॉक्टरांकडून कार्ड भरून घ्या. बाटलीचा क्रमांक, अर्कांची नावं आणि तीव्रता, शेवटचा डोस किती मिलीलिटर, कोणत्या तारखेला, त्यानंतर सूज आली होती का, एवढं त्यावर हवं. बाटल्या थंड पिशवीत न्या, पण बर्फाला चिकटू देऊ नका. आणि नव्या गावचा डॉक्टर सामान लावून झाल्यावर नव्हे, पुढच्या इंजेक्शनची तारीख येण्याआधी गाठा.

नमस्कार.