खटारा आणि शिट्टी

(दृश्य: जासईचा रस्ता, जेएनपीटी बंदराकडे निघालेल्या कंटेनरची रांग)

उरण-पनवेलच्या जुन्या घरांत नुसतं ‘पार्टी’ म्हटलं तरी कळायचं, शेकाप. शेतकरी कामगार पक्ष हे अख्खं नाव पत्रकापुरतं. निशाणी खटारा, म्हणजे बैलगाडी, झेंडा लाल. घरातल्या कर्त्याने एकदा बावटा धरला की सुनांपर्यंत सगळी मतं तिकडेच.

जासईचे दि. बा. पाटील याच पक्षाचे. पाच वेळा पनवेलचे आमदार, दोनदा खासदार. १९७० साली सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये मोबदल्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली. जासई-नवघर भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, ते या लढ्यामुळे.

(दृश्य: उलवे. टॉवर, खाली सोसायटीचं गेट)

गंमत इथेच आहे. त्याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती उठल्या, आणि त्यांत राहायला आलेल्यांना खटारा ठाऊकच नाही. त्यांना पाणी हवं, लोकल हवी. सातबारा त्यांच्या बोलण्यात येत नाही.

पण पक्ष ओसरल्याचा सगळा दोष नव्या मतदारांवर टाकून कसं चालेल? रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ साली शेकापचेच खासदार होते. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले आणि २००९ ला त्यांचे चिरंजीव प्रशांत ठाकूर यांनी पनवेल शेकापकडून घेतलं. घरचीच माणसं ती! २०१७ च्या पहिल्या पनवेल महापालिकेत ७८ पैकी भाजपचे ५१, शेकापचे २३.

(दृश्य: गावातली ओटी, गळ्यात शिट्टी अडकवलेला कार्यकर्ता)

२०२४ ला उरणमध्ये मतयंत्रावर खटारा नव्हता, शिट्टी होती. पोरं गल्लोगल्ली शिट्ट्या फुंकत फिरली. ओटीवर तांदूळ निवडणाऱ्या आजीने मान वर न करता विचारलं, “अरे, पण आपला खटारा कुठंय?” पोरगं हसलं, खिशातली नमुना मतपत्रिका काढून तिच्या सुपावर ठेवली आणि बोटाने दाखवलं, “आजी, या वेळी हिच्यासमोरचं बटण.”

भाजपचे महेश बालदी ९५ हजारांवर गेले, शेकापचे प्रीतम म्हात्रे ८८ हजारांवर. फरक साडेसहा हजारांचा. तिसऱ्या नंबरवर मनोहर भोईर, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे, सुमारे ७० हजार मतं. शेकाप आणि ही शिवसेना, दोघेही महाविकास आघाडीतलेच.