समन्स आलं, पण वर जायचं कसं?

(दृश्य : न्यायालयाच्या दगडी पायऱ्या, खालून वर.)

१९९६ साल. अमेरिकेतलं टेनेसी राज्य. जॉर्ज लेन यांच्यावर फौजदारी खटला, आणि सुनावणी वरच्या मजल्यावर. लेन व्हीलचेअर वापरत. इमारतीत लिफ्ट नव्हती. पहिल्या तारखेला ते दोन जिने सरपटत चढले. पुढच्या तारखेला त्यांनी ठाम सांगितलं : सरपटणार नाही, आणि पोलिसांनी उचलून नेलेलंही चालणार नाही. त्यावर त्यांना अटक झाली. माणूस न्यायालयाच्या इमारतीत आलेला, आणि ठपका गैरहजेरीचा!

लेन यांच्यासोबत दावा लावला बेव्हर्ली जोन्स यांनी. त्या कोर्टातच कामकाज टिपून घेणाऱ्या, त्याही व्हीलचेअरवर. जिन्यांपायी त्यांची कामं हातची गेली होती. १७ मे २००४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला : न्यायालयाची दारं अपंग व्यक्तीला बंद राहिली, तर ती राज्यावर नुकसानभरपाईचा दावा लावू शकते.

(दृश्य : साक्षीदाराचा कठडा.)

रॅम्प डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचं उद्घाटनही होतं. खरी अडचण पुढे आहे, कठड्यात उभं राहिल्यावर.

साक्षीदार कर्णबधिर आहे. प्रश्न दुभाष्याच्या हातांतून त्याच्यापर्यंत पोहोचतो, उत्तर उलट्या वाटेनं येतं. काही सेकंद जातात. या सेकंदांचा अर्थ उलटतपासणीत ‘साक्षीदार अडखळतोय’ असा लावला, की संपलं. वकील बोलता बोलता मध्ये येऊन उभे राहिले, तर प्रश्नच दिसेनासा होतो. दुभाषेही दोन लागतात. सतत हातवारे करून आणि ऐकून मेंदू शिणतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने पाळी बदलावी लागते.

आता बौद्धिक अपंगत्व असलेली साक्षीदार. प्रश्न येतो, ‘त्या दिवशी तुम्ही तिथे नव्हता, हे खरं नाही ना?’ ती म्हणते, ‘हो.’ या ‘हो’चा अर्थ काय लावायचा? असा प्रश्न ऐकून तुमच्या-आमच्यासारखेही गोंधळतील. ‘तुम्ही तेव्हा कुठे होता?’ एवढं विचारलं तर ती नीट सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ च्या कायद्याने अशा साक्षीदारांसाठी प्रशिक्षित मध्यस्थाची तरतूद केली. प्रश्न कसे विचारावेत, विश्रांती कधी द्यावी, हे तो न्यायाधीशांना आधीच सुचवतो. उत्तर मात्र साक्षीदाराचंच.

यावर हमखास आक्षेप येतो : ही तर एका बाजूला सवलत झाली. आम्हाला तो पटत नाही. पुरावा समजलाच नाही, तर तो तोलणार कसा? संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं कलम १३ नेमकं हेच मागतं : कामकाजाची पद्धत बदला, आणि तीही तपासाच्या टप्प्यापासून.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर सुनावणी.)

व्हिडिओवरची सुनावणी हा सगळ्यांवरचा उपाय नव्हे. प्रवास न झेपणाऱ्याला ती वरदान. ओठ वाचून समजून घेणाऱ्याला मात्र त्या इवल्याशा चौकटीत काहीच कळत नाही. त्याला पडद्यावर लगोलग उमटणारा मजकूर हवा. कोणाला काय लागतं, हे ज्याचं त्यालाच विचारावं लागतं, तेही तारखेच्या आधी. मग समन्सवरच दोन ओळी का नसाव्यात : तुम्हाला कशाची गरज आहे, आणि ती कोणाला कळवायची?