मागच्याला विचारलंस का?

मघाशी माझी ओळख करून देताना ‘नेतृत्व घडवणारे’ असे शब्द वापरले गेले. मी घडवलं वगैरे काही नाही. कॉलेजातल्या मुलामुलींना पहाटे उठवून चालवलं, त्यांच्या चुका वहीत टिपल्या आणि संध्याकाळी त्या त्यांनाच मोठ्यानं सांगायला लावल्या. माझ्या मते लष्करी अधिकारी तयार होतो तो या शेवटच्या कामातून. आज त्याबद्दलच बोलतो.

आधी एक नेहमीचा प्रश्न उरकून घेऊ. लष्करी अकादम्या असताना कॉलेजातली मुलं कशाला? हा प्रश्न जुना आहे. अल्डेन पार्ट्रिज हा अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचा प्रमुख राहिलेला माणूस, पण सैन्याचं नेतृत्व समाजापासून तुटलेल्या मोजक्या लोकांच्या हाती राहू नये असं त्याला वाटे. त्यानं १८१९ मध्ये काढलेली संस्था म्हणजे आजचं नॉर्विच विद्यापीठ. पुढे १८६२ च्या मॉरिल कायद्यानं सरकारी जमिनी मिळालेल्या कॉलेजांना शेती आणि यंत्रविद्येच्या जोडीला लष्करी डावपेचही शिकवायला लावले. १९१६ मध्ये या सगळ्याला आरओटीसी, म्हणजे कॉलेजांतली राखीव अधिकारी प्रशिक्षण पथकं, हे रीतसर रूप आलं. बोअर युद्धात अधिकाऱ्यांची टंचाई जाणवलेल्या ब्रिटननं १९०८ मध्येच विद्यापीठांत अशी पथकं उभी केली होती. कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होते. त्याच कॉलेजातल्या आरओटीसीतून १९५८ मध्ये ते अधिकारी झाले आणि पुढे अमेरिकी सेनादलांच्या सर्वोच्च पदावर पोहोचले. इतिहास एवढा पुरे.

मला कॉलेज आवडतं ते वेगळ्या कारणासाठी. सकाळी परेडला ‘हुकूम पाळ’ आणि दुपारी वर्गात ‘हे असंच का, ते विचार’! एकाच दिवसात दोन्ही ऐकणारं पोर सुरुवातीला वैतागतं. वैतागू द्यावं. पुढे त्याला या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात ठेवून जगायचं असतं.

कारण नोकरीचा पहिला दिवस कसा असतो बघा. वय बावीस-तेवीस. खांद्यावर नवे कोरे तारे, समोर तीसेक माणसांची प्लाटून आणि शेजारी पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार किंवा सार्जंट. त्यानं पाहिलेलं यानं वाचलेलंही नसतं. हुकूम मात्र यानं द्यायचा आणि जबाबदारीही याचीच. इथं दोन प्रकारची पोरं हमखास घसरतात. एक हडेलहप्पी करतो. दुसरा सगळं त्या अनुभवी माणसावर सोडून नुसता मान डोलावतो. मला विचाराल तर दुसरा जास्त घातक, कारण तो लवकर ध्यानात येत नाही.

म्हणून प्रशिक्षणात भूमिका सारख्या फिरवतात. या आठवड्यात तू सेक्शन कमांडर, म्हणजे छोट्या तुकडीचा म्होरक्या, पुढच्या आठवड्यात रांगेतला शेवटचा, आणि काल ज्याला हुकूम सोडलास तो आज तुला सोडणार. आवाज चढवण्याची हौस बऱ्याच जणांची यातच फिटते.

हुकूम द्यायलाही शिकवावं लागतं. त्याचा एक ठरलेला साचा असतो: परिस्थिती काय, काम काय, ते कसं करायचं, रसद कुठून, संपर्क कसा आणि मी पडलो तर सूत्रं कोणाकडे. पोरं हे पाठ करतात आणि घडाघडा म्हणतात. खरी मेख ‘हे कशासाठी’ या एका वाक्यात असते. ‘टेकडी घ्या’ एवढंच सांगितलं आणि वाटेत परिस्थिती बदलली, तर माणसं अडून बसतात. ‘खालच्या रस्त्यावर नजर ठेवायची आहे, म्हणून टेकडी’ असं सांगितलं, तर ती शेजारची टेकडी शोधतात.

आता वहीतली एक रात्र सांगतो. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रात्री ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचं होतं. नऊ जणांची तुकडी, म्होरक्या हुशार, नकाशावाचनात पहिला आलेला. मी मुकाट मागून चालत होतो. पोरगा दर वेळी रायफल छातीशी धरूनच होकायंत्र डोळ्यापुढे नेत होता. लोखंड जवळ आलं की सुई सरकते, हे त्यानं परीक्षेत लिहिलं होतं. हातात रायफल असताना ते आठवलं नाही. दीड तासानं आम्ही ओढ्यात उभे, आणि नकाशावर तिथं ओढाच नाही.

परत आल्यावर सगळ्यांना गोल बसवलं. अशा बैठकीचा नियम असा की दोष कोणाचा हे विचारायचं नाही. काय ठरलं होतं, काय घडलं, का घडलं, एवढंच. होकायंत्राचं पाच मिनिटांत निघालं. मग मी पावलं मोजणाऱ्या मुलीकडे वळलो. अंतर कळावं म्हणून तुकडीतला एक जण पावलं मोजत असतो. ती म्हणाली, “सर, मोजणीप्रमाणे आपण पाऊण तास आधीच पोहोचायला हवं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला कोणी विचारलं नाही.”

म्होरक्याचा चेहरा उतरला. होकायंत्राच्या चुकीनं उतरला नव्हता तेवढा. मी वहीत होकायंत्राचं लिहिलंच नाही. लिहिलं एवढंच: ‘मागच्याला विचारत नाही.’ आणि ते त्याला वाचून दाखवलं.

निवडीच्या वेळी हे पाहायचा प्रयत्न होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी नुसत्या मुलाखतीवर अधिकारी निवडणं सोडलं आणि १९४२ पासून नव्या निवड मंडळांत उमेदवारांच्या गटाला म्होरक्या न नेमता काम द्यायला सुरुवात केली. फळ्या, दोर, पिंपं देऊन अडथळा पार करा म्हणायचं आणि बाजूला उभं राहून बघायचं. आपल्याकडची एसएसबी, म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणारं मंडळ, त्याच वाटेनं आलेली. तिथंही मोठ्यानं बोलणारा पुढे दिसतो, पण दुसऱ्याची कल्पना उचलून ‘ही चांगली आहे, तिनं सांगितली’ असं म्हणणाऱ्यावर जाणता परीक्षक खूण करतो. अर्थात हे कळल्यावर पोरं तेवढं वाक्य पाठ करून येतात, तो भाग वेगळा.

दुसऱ्या रात्री तोच म्होरक्या, तीच तुकडी. मुद्दाम बदलली नाही. या वेळी रायफल त्यानं दुसऱ्याकडे दिली, चार पावलं बाजूला जाऊन दिशा घेतली, आणि दर थांब्यावर रांगेच्या शेवटापर्यंत चालत जाऊन विचारलं, “किती झाली?” एकदा तिनं सांगितलेला आकडा त्याच्या हिशेबाशी जुळेना. तिथं बसून दोघांनी दहा मिनिटं वाद घातला, बाकीचे थंडीत कुडकुडत. पोहोचलो बरोबर जागी, चाळीस मिनिटं उशिरा. वहीत मी उशीरही लिहिला.