सोनघंटा बागेत लावताना

[आंबा घाट. कड्यालगतचा उतार, झुडपांची दाटी.]

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे उतरताना आंबा घाट लागतो. इथल्या कड्याकपारीतलं एक दुर्मीळ झुडूप म्हणजे सोनघंटा. वुड्रो आणि स्टाप्फ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये तिचं वर्णन केलं आणि तिला रानडे या मराठी संग्राहकाचं नाव दिलं: अब्युटिलॉन रानडेई. जास्वंद आणि भेंडीच्या कुळातली ही वनस्पती उत्तर सह्याद्रीची. ती जगात दुसरीकडे कुठे उगवत नाही.

[फूल, अगदी जवळून.]

फूल खाली लोंबतं. पिवळसर केशरी पाकळ्या, त्यांवर तांबड्या शिरा. या कुळातल्या फुलांत मध निदलांच्या, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलांच्या, तळाशी असतो. फूल उलटं टांगलेलं, म्हणजे मध वरच्या टोकाला! मधमाशीला तिथवर चढून जावं लागतं. शिंजीर पक्ष्याची बाकदार चोच मात्र सहज पोचते.

[रोपवाटिका.]

बागेसाठी रोप घेताना डोळे उघडे ठेवा. दक्षिण अमेरिकेतलं शोभेचं अब्युटिलॉन बरंचसं असंच दिसतं, तशाच केशरी घंटा, तशाच शिरा. म्हणून बियाणं कुठल्या डोंगरावरचं, हे विचारल्याशिवाय रोप घेऊच नये. घाटातून उपटून आणणं तर मुळीच नको. मुळात मोजकीच झुडपं, त्यातलं एक गेलं तरी डोंगराला भारी पडतं.

[बाग. धायटीवर शिंजीर, तुळशीवर फुलोरी माशा.]

जागा उताराची द्या, मुळाशी पाणी तुंबू देऊ नका. एकट्या सोनघंटेवर पाखरं बारा महिने थांबणार नाहीत. शेजारी धायटी हवी, तुळस हवी, भुंग्यांसाठी खुळखुळ्याचं झुडूप हवं, कोरांटी हवी.

आणि फवारणी? या कुळावर पिठ्या ढेकूण येतो, हे खरं. पाण्याची जोरदार धार मारा, किडलेला शेंडा खुडा. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडाच्या रसात भिनतं, तिथून मधात आणि परागात उतरतं. ज्यांच्यासाठी बाग केली, त्यांनाच आपण विष वाढायचं का?

[कागदी पाकिटात बिया.]

बोंडं वाळून तडकायच्या आत बी काढा. पाकिटावर मूळ डोंगराचं नाव आणि साल लिहा. शोभेचं अब्युटिलॉन जवळपास असेल, तर तेही लिहा, कारण संकराची शंका आलेलं बी पुन्हा घाटात पेरता येत नाही.